संमिश्र संख्यांची संगणकीय तुलना

संमिश्र संख्यांची संगणकीय तुलना म्हणजे फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात साठवलेल्या दोन संमिश्र संख्या समान आहेत की असमान, अथवा त्यांतील लहान कोणती व मोठी कोणती, हे आज्ञावलीत ठरवणे. यांपैकी ‘लहान-मोठे’ हा प्रश्न गणितातच निरर्थक आहे. ‘समान-असमान’ हा प्रश्न गणितात सोपा असला, तरी संगणकात फसवा ठरतो.

क्रमाचा अभाव

संमिश्र संख्येला वास्तव व काल्पनिक असे दोन भाग असल्याने ती रेषेवर नव्हे, तर नकाशावरील गावाप्रमाणे प्रतलावर असते. रेखांश हा वास्तव भाग व अक्षांश हा काल्पनिक भाग मानल्यास वाशीम सुमारे (७७.१, २०.१) आणि अकोला सुमारे (७७.०, २०.७) येते. वाशीम अधिक पूर्वेस, अकोला अधिक उत्तरेस. यांत ‘मोठे’ कोणते, हे सांगता येत नाही.

याचे कारण वर्गांच्या चिन्हात आहे. बेरीज व गुणाकार यांच्याशी सुसंगत अशा कोणत्याही क्रमात शून्येतर संख्येचा वर्ग धनच असतो. परंतु √−१ चा वर्ग −१ आहे. धन व ऋण या दोहोंचे वर्ग धन येतात, म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात म्हटले होते. पुढे सोळाव्या शतकात इटलीतील गणितज्ञांनी अशी मुळे वापरात आणली, तेव्हा क्रमाला मुकावे लागले.

आज्ञावली-भाषांतील भेद

पायथनमध्ये दोन संमिश्र संख्यांमध्ये ‘<’ हे चिन्ह वापरल्यास त्रुटी दाखवली जाते, आणि तेच प्रामाणिक वर्तन होय. मॅटलॅब मात्र केवळ वास्तव भागांची तुलना करते, तर ऑक्टेव्ह आधी मापांक व ते समान असल्यास कोनांक पाहते. त्यामुळे (३, १) ही संख्या (२, ५) पेक्षा मॅटलॅबमध्ये मोठी, तर ऑक्टेव्हमध्ये लहान ठरते. कारण त्यांचे मापांक सुमारे ३.१६ व ५.३९ आहेत. दोन्ही प्रणालींची लेखनपद्धती बरीचशी सारखी असल्याने एकीतील आज्ञावली दुसरीत चालवताना ही चूक कोणतीही सूचना न देता शिरते. तुलना मापांकाची हवी की वास्तव भागाची, हे आज्ञावलीत स्पष्ट लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

समानता

दोन्ही भाग तंतोतंत जुळले, तरच संख्या समान मानल्या जातात. परंतु √२ संगणकात पूर्णपणे साठवता येत नाही. त्यामुळे √−२ ला त्याच संख्येने गुणल्यास उत्तराचा वास्तव भाग −२ न येता −२.०००००००००००००००४ येतो, आणि ‘समान नाही’ असा निष्कर्ष निघतो. यावर उपाय म्हणून दोन संख्यांच्या फरकाचा मापांक ठरावीक मर्यादेत आहे का, हे तपासतात. पायथनच्या सीमॅथ संचातील ‘इजक्लोज’ हे फल हेच करते. दोहोंतील मोठ्या मापांकाचा एक अब्जांश ही त्याची मूळ मर्यादा असते. एक संख्या शून्य असेल, तर ही सापेक्ष मर्यादा निरुपयोगी ठरते व निरपेक्ष मर्यादा वेगळी द्यावी लागते. कोणत्याही भागात ‘संख्या नाही’ हे विशेष मूल्य आल्यास, आयईईई ७५४ या मानकानुसार (१९८५) ती संख्या स्वतःशीही असमान ठरते.