झटक्यानंतर जन्मणाऱ्या पेशी

अपस्माराचा झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपला आपण थांबतो. तोवर कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाशी धरतो, आणि उपाय लागू पडला असे सगळ्यांना वाटते. या धावपळीत रुग्णाला कुशीवर वळवणे आणि घड्याळ पाहणे ही दोन खरी कामे राहून जातात. घड्याळ महत्त्वाचे आहे. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या व्याख्येनुसार सर्वांगाला झटके देणारी फिट पाच मिनिटांपुढे गेली, की ती आपोआप थांबेल याची वाट पाहायची नाही, औषध द्यायचे. अर्धा तास उलटला, तर मेंदूला दीर्घकालीन इजा होण्याची शक्यता धरायची. पाच मिनिटांपुढे लांबलेल्या अशा फिटला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात.

इजा नेमकी कुठे होते, याचा माग जुना आहे. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग असतो. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत तिथल्या पेशी मरून तो भाग आक्रसलेला दिसतो, हे विल्हेल्म सोमर या जर्मन डॉक्टरांनी १८८० मध्ये तपशिलाने मांडले. पण पेशी मेल्या म्हणून झटके येतात, की झटक्यांमुळे पेशी मरतात, हा वाद पुढे अनेक दशके चालला. १९७३ मध्ये ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर प्रयोग केले. स्नायू शिथिल करून, कृत्रिम श्वास देऊन शरीरावरचा ताण आटोक्यात ठेवला, तरी दीर्घ झटक्यानंतर मेंदूतल्या पेशी मेल्याच. म्हणजे चेतापेशींचा अखंड भडिमार हाच घातक ठरतो.

इथवरची गोष्ट मरणाऱ्या पेशींची. मला अधिक अस्वस्थ करते ती जन्मणाऱ्या पेशींची.

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी तयार होत नाही, असे वैद्यकाची पुस्तके दीर्घकाळ शिकवत आली. १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन आणि भारतीय वंशाचे गोपाल दास यांनी उंदरांना किरणोत्सारी थायमिडिन टोचले. विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएत ते शिरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली चांदीचे काळे कण होऊन उमटते. हिप्पोकॅम्पसमधल्या ‘डेंटेट गायरस’ या वळणदार पट्ट्यात असे कण दिसले. नव्या पेशी तिथे जन्मत होत्या. या शोधाकडे वर्षानुवर्षे कुणी गांभीर्याने पाहिले नाही, याचे वाईट वाटते.

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियात जॅक पॅरेंट, डॅनियल लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पिलोकार्पिन हे रसायन देऊन दीर्घ झटका आणला. पुढच्या दिवसांत डेंटेट गायरसमध्ये पेशींचा जन्म मंदावण्याऐवजी प्रचंड वाढला. मेंदू नुकसान भरून काढतो आहे, असे मानण्याचा मोह होतो. पण सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र वेगळे होते. निरोगी उंदरात या पेशी दाट, सलग पट्टीत एकमेकींना चिकटून असतात. झटक्यानंतर काही नव्या पेशी पट्टी सोडून आतल्या मोकळ्या जागेत भरकटलेल्या दिसतात. काहींना भलत्या बाजूने फांदी फुटते. तंतू मागे वळून आपल्याच शेजारणींना जोडले जातात. पेशी जन्मली खरी, पण वायरमनने चुकीच्या खांबावर तार ओढावी तशी ती जोडली गेली.

मग या भरकटलेल्या पेशीच पुढच्या झटक्यांना जबाबदार आहेत का? २०१२ मध्ये सिनसिनाटीतल्या संशोधकांनी उंदरांच्या नव्या पेशींतले पीटेन नावाचे जनुक काढून टाकले. डेंटेटमधल्या दहा टक्क्यांहून कमी पेशी बिघडल्या, तरी उंदरांना अपस्मार जडला. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या गटाने उलटा प्रयोग केला. दीर्घ झटक्याआधीच नव्या पेशींचा जन्म रोखला, तर नंतर येणारे झटके सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. माझ्या मते या आकड्याची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे: निम्म्याहून अधिक झटके तरीही राहिले. नव्या पेशी दोषी आहेत, पण एकट्या नाहीत.

त्याच वर्षी स्पेनमधून आलेल्या निष्कर्षाने चित्र आणखी गंभीर केले. तीव्र झटक्यांनंतर उंदरांच्या मूलपेशी, म्हणजे नव्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशी, चेतापेशी घडवणे सोडून स्वतःच तारकापेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी) बनत होत्या. मूलपेशींचा साठाच त्यात संपतो. सुरुवातीचा भरमसाठ जन्म आणि नंतरचा दुष्काळ, दोन्ही एकाच आजाराचे टप्पे असू शकतात.

माणसात काय घडते, हा खरा कठीण प्रश्न. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या गटाने मृत कर्करुग्णांच्या मेंदूत नव्या चेतापेशींच्या खुणा दाखवल्या. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाला प्रौढांत अशा पेशी सापडल्याच नाहीत. २०१९ मध्ये माद्रिदच्या गटाला हजारो सापडल्या. मृत मेंदू किती तासांनी आणि कशात जतन केला, यावर निकाल फिरतो. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेला ताजा तुकडा मला सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार वाटतो. जगभरात अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना औषधे पुरत नाहीत. त्यांतल्या निवडक रुग्णांचा आजारी हिप्पोकॅम्पस काढतात; आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून हे काम चालते. लॉस एंजेलिसमध्ये मायकेल बोनागुइडी यांच्या गटाने असे तुकडे प्राणवायू सोडलेल्या द्रावात जिवंत ठेवून तपासले. आजाराची वर्षे वाढतात तशा कोवळ्या चेतापेशी जवळजवळ नाहीशा होतात, कोवळ्या तारकापेशी मात्र टिकतात, असे त्यांनी २०२२ मध्ये नोंदवले. फिट येत असूनही औषध वर्षानुवर्षे टाळणाऱ्या घरांना ही नोंद कुणीतरी समजावून सांगायला हवी.

त्याच २०२२ मध्ये अमेरिकेत आणखी एक वाट उघडली. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, शेजारच्या पेशींना शांत करणाऱ्या चेतापेशी रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सोडण्याची पहिली चाचणी सुरू झाली. यापूर्वी उंदरांमध्ये अशा कलमाने झटके कमी झाले होते. तो भाग कापून काढण्याऐवजी तिथे नवी पेशी रुजवायची, असा हा प्रयत्न आहे. ती पेशी योग्य जागी राहते का, योग्य शेजाऱ्यालाच जोडली जाते का, हे त्या रुग्णांच्या पुढच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून कळेल.