विगनचे बिली बॉस्टन

क्रिकेट आणि फुटबॉल हे खेळ तुम्हांला चांगले माहीत आहेत. रग्बी हा खेळ मात्र तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिला असेल. या खेळातील चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात धरून पळायचे, साथीदाराकडे द्यायचा तर मागच्या बाजूलाच फेकायचा, आणि शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. याला 'ट्राय' म्हणतात. समोरचे खेळाडू तुम्हांला पकडून खाली पाडतात. कबड्डीतील पकड तुम्ही पाहिली आहेच. ही पकड त्याहून दांडगी असते, आणि तीही भर वेगात धावणाऱ्या माणसाला घातलेली!

रग्बीचे दोन प्रकार आहेत, युनियन आणि लीग. ते दोन का झाले, हे आधी समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील पुष्कळ खेळाडू कोळशाच्या खाणींत आणि कापडाच्या गिरण्यांत काम करीत. खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. बुडालेली मजुरी भरून द्यावी, अशी तेथील संघांची मागणी होती. खेळ हौसेसाठी असतो, पैशांसाठी नाही, असे वरच्या मंडळींचे म्हणणे होते. पोट भरलेल्या माणसाला असे बोलणे सोपे असते. शेवटी 1895 साली उत्तरेकडचे 22 संघ बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. हीच पुढे रग्बी लीग झाली. लीगमध्ये प्रत्येक बाजूला 13 खेळाडू असतात. या 22 संघांत विगन गावचा संघही होता. तो 1872 साली स्थापन झाला होता. लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा ही त्याची ओळख.

या संघाने आपल्या थोर खेळाडूंचा मान कसा राखला, हे समजण्यासाठी एकाच खेळाडूची गोष्ट पुरेशी आहे.

बिली बॉस्टन याचा जन्म 1934 साली वेल्समधील कार्डिफ शहरात झाला. बंदराजवळच्या टायगर बे या वस्तीत तो वाढला. तेथे येमेन, सोमालिया, पश्चिम आफ्रिका अशा दूरदूरच्या देशांतून आलेले खलाशी राहत. बिलीचे वडील सिएरा लिओनचे खलाशी होते, तर आई कार्डिफचीच, आयरिश घराण्यातली. बिलीचे एकच स्वप्न होते : कार्डिफच्या युनियन संघातून खेळायचे, आणि मग वेल्स देशाकडून. पण त्या काळापर्यंत वेल्सच्या युनियन संघात एकाही काळ्या खेळाडूला घेतलेले नव्हते. बिलीलाही कार्डिफच्या संघाचे बोलावणे आले नाही.

बोलावणे आले ते दूरच्या विगनचे. 1953 सालच्या मार्च महिन्यात विगनचे दोन संचालक त्याच्या घरी आले आणि त्यांनी नोटा टेबलावर मांडल्या. बिली तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याला लीगमध्ये जायचे नव्हते. त्या वेळी नियमच असा होता, की पैसे घेऊन लीग खेळणाऱ्याला युनियनचे दार कायमचे बंद होई. आईने एक युक्ती केली, अशी हकीकत सांगतात. "तीन हजार पौंड द्या, म्हणजे तो सही करील," असे ती म्हणाली. एवढी रक्कम ऐकून पाहुणे उठून जातील, असा तिचा हिशेब होता. पाहुणे उठले नाहीत. त्यांनी रक्कम कबूल केली! दिलेला शब्द पाळावा लागला आणि बिली विगनचा झाला.

पुढच्याच वर्षी, अवघा एकोणीस वर्षांचा असताना, तो ग्रेट ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. या दौऱ्यासाठी निवडलेला तो पहिला काळा खेळाडू. तेथे त्याने 36 ट्राय केले.

सन्मानाच्या गोष्टीत एका अपमानाचीही नोंद करावी लागते. 1957 साली ऑस्ट्रेलियात विश्वचषक स्पर्धा झाली. परतताना ब्रिटनचा संघ दक्षिण आफ्रिकेत काही सामने खेळणार होता. तेथे वर्णभेदाचे कायदे होते. गोऱ्या खेळाडूंबरोबर काळा खेळाडू मैदानात उतरू शकत नव्हता. संघ दक्षिण आफ्रिकेला गेला आणि बॉस्टन एकटे घरी परतले. त्यांच्यासाठी संघाने ते सामने रद्द करायला हवे होते, असे आज कोणालाही वाटेल. तेव्हा ते झाले नाही.

विगनमध्ये मात्र लोकांनी त्यांना आपले मानले. 1968 पर्यंत ते या संघाकडून खेळले आणि त्यांनी 478 ट्राय केले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक सामन्यात एक! वेम्बलीच्या मैदानावर सहा वेळा त्यांनी चॅलेंज कपाचा अंतिम सामना खेळला आणि 1958, 1959 व 1965 साली तो कप जिंकला. खेळणे थांबल्यावरही ते कार्डिफला परतले नाहीत. विगनमध्येच त्यांनी घर केले.

सेंट्रल पार्क हे विगनचे जुने मैदान 1999 साली बंद झाले. आता त्या जागेवर मोठे दुकान आहे. नव्या मैदानाच्या एका बाजूच्या प्रेक्षागाराला बॉस्टन यांचे नाव दिले आहे. 2016 साली गावाच्या मध्यभागी त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यासाठी पैसा जमला तो लोकांच्या वर्गणीतून. कार्डिफला जाग यायला आणखी सात वर्षे लागली. 2023 साली त्याच बंदर भागात तीन खेळाडूंचे पुतळे एकत्र बसवले : गस रिसमन, क्लाइव्ह सलिव्हन आणि बिली बॉस्टन. तिघेही कार्डिफचे, आणि तिघांनाही नाव कमावले ते उत्तर इंग्लंडमध्ये जाऊन. पुतळ्यांचे अनावरण झाले तेव्हा 88 वर्षांचे बॉस्टन तेथे हजर होते. पुढे 2025 साली ब्रिटनच्या राजाने त्यांना 'सर' हा किताब दिला. 1895 पासून रग्बी लीगच्या एकाही खेळाडूला हा किताब मिळाला नव्हता. खाणकामगारांच्या खेळाला राजवाड्याचे दार उघडायला 130 वर्षे लागली म्हणायची!

पुतळा फार थोड्यांचा होतो. विगनच्या संघात आणखी एक पद्धत आहे, आणि मला ती पुतळ्यापेक्षाही आवडते. पहिल्या संघातून जो कोणी एकदा तरी खेळला, त्याला एक वारसा क्रमांक मिळतो. हे क्रमांक खेळाडू ज्या क्रमाने संघात आले त्या क्रमाने असतात. 1921 साली कार्डिफहूनच आलेले, हजारो गुण मिळवणारे जिम सलिव्हन याच यादीत आहेत. बॉस्टन आहेत. एकच सामना खेळून पुन्हा कामावर गेलेला खेळाडूही आहे. आज नवा मुलगा पहिल्यांदा तो लाल-पांढरा सदरा घालतो, तेव्हा त्याला यादीतला पुढचा आकडा मिळतो. तो आकडा त्याच्यानंतर दुसऱ्या कोणालाही देत नाहीत.