एकच पत्र, दोन तारखा

संतपूरकडच्या निजामकालीन कागदावर फसली सन दिसला की आपण सावध होतो. 1984 साली सुरू झालेल्या फिडोनेटच्या जुन्या संदेशांवरची वेळ मात्र खुशाल खरी धरतो. त्या हौशी जाळ्यात संदेश फोनवरून संगणकागणिक पुढे जात. मूळ तारखेत टाइमझोनच नव्हता. समजा, मुंबईतून रात्री 9:30 ला प्रश्न गेला. लंडनचं उत्तर 8 चं! दोन वाटांनी आलेला संदेश दोनदा साठे. वाटेत वेळ बदलली, की तारखेवरून जुळवणारा प्रोग्रॅम फसलाच. म्हणून मी आधी एमएसजीआयडी बघतो: पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तीन वर्षांत पुन्हा न वापरायचा क्रमांक. दोन्ही सारखे, तर पत्र एकच. कोणत्या वाटेनं आलं, ते पाथ ओळ सांगते. जुन्या सॉफ्टवेअरात एमएसजीआयडी नसतो. तिथं मजकूरच ताडून पाहायचा.