ट्रॉलीचा ब्रेक आणि गंज

भरलेली बैलगाडी उतारावरून खाली न्यायची वेळ आली, की जुना गाडीवान काय करी, ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो आधी गाडीवरून खाली उतरे, चाकाला लाकडाचा अडणा आवळून बांधी, कासरा हातात घेऊन बैलांच्या तोंडाशी उभा राही, आणि मगच गाडी उतारावर घाली. त्याला ठाऊक असे, की चढावर बैल गाडी ओढतात, पण उतारावर गाडीच बैलांना ढकलते.

आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि गाडीच्या जागी ट्रॉली आली. बोजा दहापट वाढला. अडणा मात्र वाटेत कुठेतरी राहून गेला. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, आणि ज्यांना असतो, त्यांतल्या कित्येकांचा तो गंजून बसलेला असतो. तेव्हा आज आपण ट्रॉलीचा ब्रेक, त्याला लागणारा गंज आणि त्यावर निघालेला एक नवा उपाय, म्हणजे न गंजणारा डिस्क ब्रेक, यांविषयी थोडे बोलू.

पहिला प्रश्न असा, की ट्रॉलीला वेगळा ब्रेक हवाच कशाला? ट्रॅक्टरला आहे तो पुरत नाही का? जरा हिशेब करून पाहू. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन. त्याचे ब्रेक साधारणपणे मागच्या दोन चाकांनाच असतात. आता मागे मालासकट १० टनांची ट्रॉली आहे आणि रस्त्याला वीस फुटांत एक फूट उतार आहे असे धरा. असा उतार आपल्याकडे घाटातच काय, ओढ्याच्या पुलाकडे जातानासुद्धा भेटतो. या उतारावर ती ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे अर्ध्या टनाच्या जोराने पुढे रेटते. उसाच्या दोन ट्रॉल्या असल्या, तर हा रेटा एक टनावर जातो. चाकांच्या घर्षणात त्यातला काही भाग जिरतो, पण उरतो तोही थोडा नसतो. अशा वेळी ड्रायव्हरने वळणावर जोरात ब्रेक दाबला, की ट्रॅक्टर थांबू पाहतो, पण ट्रॉली थांबत नाही. ती मागून ढकलत राहते, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि अडकित्ता मिटावा तशी दोघांची घडी होते. मध्ये ड्रायव्हर असतो, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात सांगावी अशी एक गोष्ट इथे सांगतो. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे यंत्र. १० टनांची ट्रॉली ताशी २० किलोमीटर वेगाने चालली असता ती थांबवायला जी उष्णता निघते, तिच्यात अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट म्हणजे ताशी ४० केला, की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते; म्हणजे जवळजवळ दोन लिटर पाणी उकळेल. आणि हीच ट्रॉली १०० मीटर उंचीचा घाट उतरली, तर तीस लिटरांहून जास्त पाणी, म्हणजे दोन घागरी, उकळण्याइतकी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. काही इंजिन जिरवते, काही टायर, आणि बाकीची सगळी ब्रेकने जिरवायची असते. एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर हे ओझे टाकणे म्हणजे एका बैलाला दोन बैलांची गाडी जुंपण्यासारखे आहे.

ट्रॉलीला ब्रेक असतो तो बहुधा ड्रमचा. पातेल्यासारखा बिडाचा ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेले असते. पेडल दाबले, की शू फाकतात आणि आतून ड्रमला घासतात. रचना साधी आहे, स्वस्त आहे, आणि वर्षानुवर्षे चालत आली आहे. तिचा एकच मोठा दोष असा, की पातेल्यात गेलेले पाणी आणि चिखल सहजासहजी बाहेर येत नाही.

आता आपल्या ट्रॉलीचे वर्ष कसे जाते ते पाहा. उसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. मग पावसाळाभर ट्रॉली बांधावर, लिंबाखाली, नाहीतर घराच्या कडेला चिखलात चाके रुतवून उभी असते. वापर नाही म्हणून झीज नाही, असे आपल्याला वाटते. पण गंजाचे काम याच महिन्यांत चालते. त्यातून ट्रॉलीतून खत वाहिले असेल, तर आणखी वाईट. पोटॅशचे खत हे एक प्रकारचे मीठच आहे. कोकणात खाडीकाठी, मिठागरांच्या बाजूला किंवा माशांच्या धंद्यात जी ट्रॉली राबते, तिचे तर बोलायलाच नको.

अशी एक ट्रॉली मी एका गॅरेजात उघडताना पाहिली. मालकाने चार वर्षांपूर्वी ती मुद्दाम ब्रेकवाली घेतली होती. फिटरने चाक काढले, पण ड्रम काही हलेना. हातोडीने ठोकून ठोकून अर्ध्या तासाने तो सुटला. आत पाहतो तर तांबडा चिखल. शूची स्प्रिंग गंजून तुटलेली, एक शू जागच्या जागी धरलेला, आणि लायनर सोलून निघालेले. मालक बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मास्तर, म्हंजी चार वरसं मी ब्रेक हाय म्हणून गाडी हाकत हुतो, आन् ब्रेक नव्हताच की!”

त्याचे म्हणणे अगदी खरे होते. ब्रेक नाही हे माहीत असलेला माणूस जपून तरी चालतो. ब्रेक आहे असे समजून चालणारा उतारावर फसतो.

गंज म्हणजे नेमके काय? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगाने गंज होतो. मीठ या कामाला वेग देते. हे मुलांना दाखवायला चार बाटल्या आणि चार खिळे पुरतात. पहिल्या बाटलीत खिळा अर्धा बुडेल इतके साधे पाणी घाला. दुसरीत तितकेच मिठाचे पाणी. तिसरीत पाणी चांगले उकळून, निवल्यावर काठोकाठ भरा आणि वर तेलाचा थर द्या, म्हणजे हवा आत शिरणार नाही. चौथी बाटली अगदी कोरडी करून घट्ट बूच लावा. आठ-दहा दिवसांनी मुले आपण होऊनच उत्तर सांगतील. आणखी एक खिळा जस्ताचा मुलामा दिलेला घ्या, त्यावर कानशीने एक ओरखडा काढा आणि मिठाच्या पाण्यात ठेवा. ओरखड्यावर लोखंड उघडे पडले, तरी तिथे सहजी गंज चढत नाही. कारण जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. गंजाची दुसरी खोड अशी, की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणूनच गंजलेली पिन भोकात फुगून बसते आणि शू जागचा हलत नाही.

आता डिस्क ब्रेककडे वळू. हा ब्रेक समजायला सायकल पाहावी. सायकलच्या रिमला दोन बाजूंनी रबराचे गट्टू चिमटीत धरतात. डिस्क ब्रेकमध्येही तसेच आहे. चाकाबरोबर एक चकती फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांनी ती दोन्हीकडून दाबतो. या ब्रेकचे एक पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टर या इंजिनियरने १९०२ साली घेतले होते. पण १९५३ साली फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकची जॅग्वार गाडी पहिली आली, तेव्हा साऱ्या मोटारवाल्यांचे लक्ष त्याकडे गेले. चकती उघडी असल्याने तिला वारा लागतो आणि ती लवकर निवते. पाणी पडले तर फिरता फिरता झटकले जाते. पॅड किती उरले, हे बहुधा चाक न उघडताही दिसते.

मग चकती गंजत नाही का? बिडाची असली तर जरूर गंजते. मोटार धुऊन रात्रभर उभी ठेवा, सकाळी तिची चकती तांबूस झालेली दिसेल. पहिल्या दोन-चार ब्रेकांत तो थर निघून जातो. पण गाडी महिनेच्या महिने उभी राहिली, तर गंज खोल जातो आणि कॅलिपरमधला दट्ट्याही धरतो. उलट गावातल्या एखाद्या मोटारसायकलीची पुढची चकती पाहा. पावसात उभी राहूनही ती बहुधा पांढरीच राहते. ती स्टेनलेस स्टीलची असते. शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ साली पुढे आणलेले हे पोलाद. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ असा थर धरतो आणि तोच खालच्या धातूला राखतो.

ट्रॉलीच्या ब्रेकला हे पोलाद वापरण्याची गरज सगळ्यात आधी कुणाला भासली असेल? तर होडीवाल्यांना. अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पुष्कळ लोक आपली होडी ट्रेलरवर घालून घरून किनाऱ्यावर नेतात आणि ट्रेलर उताराने मागे मागे घेत चाकांसकट खाऱ्या पाण्यात घालतात. नुकताच तापलेला ब्रेक समुद्रात बुडतो, वर येतो, आणि पुढच्या सुटीपर्यंत अंगणात उभा राहतो. याहून कठीण परीक्षा ब्रेकला कोणती असणार? तिथे ड्रम टिकेनात, म्हणून स्टेनलेसच्या चकत्या आणि कॅलिपर, किंवा जस्तासारखा मुलामा दिलेले भाग वापरात आले. आपली ट्रॉली समुद्रात जात नाही, पण चिखल, खत आणि चार महिन्यांचा पाऊस यांत तीही बुडालेलीच असते.

असा ब्रेक बसवायचा झाला, तर चार गोष्टी ध्यानात धराव्यात.

पहिली गोष्ट दाबाची. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपण होऊन अधिक घट्ट बसतो, दाराखाली पाचर बसावी तसा. चकतीच्या पॅडला ही मदत नसते. म्हणून डिस्कला तेलाचा दाब जास्त लागतो. जुना ड्रमचा पंप तसाच ठेवून नुसती चकती बसवली, तर ब्रेक कमी लागेल. म्हणजे पंप, नळ्या आणि ब्रेक हे सगळे एकमेकांना जुळणारे हवे.

दुसरी गोष्ट मागे घेण्याची. हलक्या ट्रेलरला असा ब्रेक असतो, की ट्रेलर पुढे रेटू लागला म्हणजे जोडणीचा दांडा आत सरकतो आणि पंप दाबला जातो. पण गाडी मागे घेतानाही दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतो! म्हणून डिस्क असेल तर मागे घेताना तेल अडवणारी कळ बसवावी लागते. जड ट्रॉलीला मात्र ट्रॅक्टरवरूनच, पेडलाबरोबर तेलाच्या किंवा हवेच्या दाबाने चालणारा ब्रेक हवा.

तिसरी गोष्ट तेलाची. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ओल शिरली, की ते लवकर उकळते आणि आतून नळ्याही गंजतात. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. त्यात इंजिन ऑइल चुकूनही घालू नये. रबरी वायसर फुगून ब्रेक निकामी होतो.

चौथी गोष्ट उभ्या ट्रॉलीची. ट्रेलरच्या डिस्कला हँडब्रेक असतोच असे नाही. तेव्हा चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा हा लागणारच.

आता खर्चाविषयी. स्टेनलेसचा ब्रेक महाग पडतो. शिवाय स्टेनलेस बिडाइतकी भराभर उष्णता वाहून नेत नाही, आणि भाताच्या चिखलात किंवा रेतीत उघडे पॅड लवकर झिजतात. म्हणून प्रत्येकाने धावत जाऊन तोच घ्यावा, असे मी म्हणणार नाही. किनाऱ्यावरची, खतावरची, किंवा वर्षातले बरेच महिने उभी राहणारी ट्रॉली असेल, तर विचार जरूर करावा. इतरांनी आहे तो ड्रम चालू स्थितीत राखला, तरी मोठे काम झाले. आणि काम करायचे ते जाणत्या फिटरकडून. आसाला मनाला येईल तिथे वेल्डिंग मारून ब्रेक बसत नसतो.

ब्रेक कोणताही असो, हंगामापूर्वी एक दिवस त्याला द्या. रिकामी ट्रॉली सपाट जागी घेऊन, दुसऱ्या बाजूच्या चाकाला ठोकळे लावून, एकेक चाक जॅकवर उचला. ते हाताने मोकळे फिरले पाहिजे, ब्रेक दाबल्यावर घट्ट धरले पाहिजे, आणि सोडल्यावर पुन्हा मोकळे झाले पाहिजे. मग मोकळ्या जागेत हळू चालवून चार-पाच वेळा थांबवा आणि प्रत्येक ड्रमवर किंवा चकतीवर पाण्याचे थेंब शिंपडा, तव्यावर शिंपडतो तसे. हात लावू नका. एक चाक गार राहिले, तर तिथला ब्रेक लागत नाही. एकच चाक फार तापले, तर तिथला सुटत नाही. खत वाहिल्यावर ट्रॉली गोड्या पाण्याने धुवा आणि थोडी चालवून ब्रेक सुकवा. जुन्या लायनरची भुकटी फुंकून उडवू नका, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरची ब्रेकची दोन्ही पेडले पट्टीने जोडून घ्या. नांगरताना ती सुटी लागतात, पण रस्त्यावर एकच पेडल दबले, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गियर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडून देऊ नका. दोन रुपयांच्या डिझेलसाठी सगळा बोजा ब्रेकवर येतो.

जुना गाडीवान उताराच्या तोंडाशी थांबून अडणा बांधी, तेव्हा मागच्या गाड्याही खोळंबत. कुणी त्याला बोल लावत नसे. आपणही यंदा पहिला ऊस भरण्यापूर्वी ट्रॉलीची चाके एकदा उघडून पाहावीत, एवढेच आज सांगायचे होते.