प्राथमिक शाळेतील मुलांचा शोधनिबंध

प्रयोगवहीत तुम्ही ‘उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ असे मथळे घालता. पण अनुमान काय येणार हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते, कारण ते पुस्तकात छापलेले असते! मग त्याला प्रयोग म्हणायचे की उजळणी? ज्याचे उत्तर गुरुजींनाही माहीत नाही, असा प्रयोग शाळेत करता येईल का? इंग्लंडमधील एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेने तो करून दाखवला.

डेव्हन परगण्यातील ब्लॅकॉटन या गावच्या शाळेतील ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांची ही हकिकत. दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बो लोटो आणि शाळेचे शिक्षक त्यांच्या मदतीला होते. प्रयोगशाळा कोठली? गावातले जुने चर्च! प्रश्न मात्र मुलांनीच ठरवला: आपण कोडी सोडवतो, तशी मधमाशीलाही कोडी सोडवता येतील काय?

प्रयोगासाठी निवडली ‘बंबल-बी’. ही जाडजूड, केसाळ माशी मधमाशीच्याच कुळातली. प्रत्येक माशी ओळखू यावी म्हणून मुलांनी माश्या थोडा वेळ थंडाव्यात ठेवल्या. थंडीने त्या सुस्तावल्या, की त्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले. मग त्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या पेटीत सोडले.

पेटीच्या एका बाजूस दिव्यांनी उजळणाऱ्या चार चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत १६ रंगीत वर्तुळे, म्हणजे माशीच्या दृष्टीने १६ फुले. दोन चौकटींत मधली चार फुले निळी आणि भोवतालची बारा पिवळी. उरलेल्या दोन चौकटींत नेमके उलट. मधल्या फुलांत साखरपाणी, तर कडेच्या फुलांत खारट पाणी!

आता कोडे ध्यानात आले ना? ‘निळ्यावर बसावे’ एवढे शिकून माशीचे भागणार नाही. कारण निळे फूल एका चौकटीत गोड, तर दुसऱ्या चौकटीत खारट. तिने भोवतालचा रंगही पाहिला पाहिजे.

काही काळ सराव दिल्यावर मुलांनी परीक्षा घेतली. परीक्षेच्या वेळी साखरपाणी काढून टाकले, म्हणजे गोडाचा सुगावा लागून माशी तेथे गेली अशी शंका उरू नये. तरीही माश्या बहुतेक वेळा मधल्या फुलांवरच जाऊन बसल्या.

येथे एखादा म्हणाला असता, ‘झाले! माशीला कोडे सुटले!’ पण मुले थांबली नाहीत. माशी रंगाकडे न पाहता नुसतीच मध्यभागी जात असेल तर? हे तपासण्यासाठी त्यांनी मधली फुले हिरवी केली. केवळ जागाच लक्षात ठेवली असती, तर माश्या हिरव्या फुलांवरही तशाच गेल्या असत्या. पण तशी ओढ दिसली नाही. म्हणजे रंग आणि रंगांची मांडणी या दोन्हींचा उपयोग माश्या करीत होत्या. गंमत अशी, की सगळ्या माश्यांची रीत एकसारखी नव्हती. वर्गातल्या मुलांसारखेच म्हणायचे!

हे सारे मुलांनी आपल्याच भाषेत लिहून काढले आणि आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढल्या. निबंधाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी नव्हती, कारण मोठ्यांसाठी लिहिलेले ते ग्रंथ मुलांना वाचता येण्याजोगे नव्हते. अखेर डिसेंबर २०१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकाने तो निबंध प्रसिद्ध केला. मागील संशोधनाशी त्याचा संबंध सांगणारे टिपण दोन जाणत्या शास्त्रज्ञांनी सोबत लिहिले. मुलांचे कौतुक म्हणून नव्हे, तर त्यांच्या निष्कर्षात नवे काही होते म्हणून त्याला जागा मिळाली.

तुम्हीही सुरुवात करू शकता. निळ्या व पिवळ्या कागदांवर काचेच्या दोन सारख्या बश्या ठेवा. निळ्यावरील बशीत साखरपाणी व पिवळ्यावरील बशीत साधे पाणी घाला. मधमाश्या येऊ लागल्या, की बश्या बदलून स्वच्छ घ्या, दोन्हींत साधे पाणी घाला आणि कागदांच्या जागांची अदलाबदल करा. आता माश्या रंगाकडे जातात की जुन्या जागेकडे? दहा मिनिटे मोजून नोंद करा. शिक्षकांना बरोबर घ्या, दूर शांत उभे राहा आणि मोहोळाच्या जवळ मुळीच जाऊ नका.

शिक्षकांना एक विनंती. अनुमानाची जागा या वेळी कोरी ठेवा. ती माश्यांना भरू द्या!