काटा कधी चढतो?

मे महिन्यात हिंगोलीहून कळमनुरीमार्गे नांदेडला निघालात आणि गाडीतला तापमानाचा काटा चढू लागला, तर तो नेमका कधी चढतो ते पाहा. गर्दीत थांबल्यावर चढला तर बहुधा पंखा फिरत नाही. वेगात धावताना चढला तर रेडिएटर, वॉटर पंप किंवा न उघडणारा थर्मोस्टॅट तपासावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नकाच! दाबाखालचे पाणी 100 अंशांपलीकडेही उकळत नाही. दाब सुटताच ते उसळते आणि चेहरा भाजतो.

आपल्याकडे कूलंट कमी झाले की सर्रास बोअरचे पाणी ओततात. त्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, मग उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी रेडिएटर साफ करून घ्यावा आणि कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळावे.