एकाच अंकाची माळ

कर्जत-खोपोलीहून मुंबईस जाणाऱ्या मंडळींना डोंबिवली स्थानक माहीत नाही असे व्हावयाचे नाही. परंतु या स्थानकाचे नाव गणिताच्या ग्रंथांत जाऊन बसले आहे, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना एका संख्यावर्गाची कल्पना तेथे सुचली, आणि जी. आय. पी. रेल्वेच्या काळातील ‘डेमलो’ या नावावरून त्यांनी त्यांस ‘डेमलो संख्या’ म्हटले. असले संशोधन म्हणजे आकड्यांचा पोरखेळ, असे म्हणून हसणारे विद्वान त्या वेळी होते. आम्हांस ते हसणे कधीच पटले नाही. का, ते पाहू.

या संख्यांतील सर्वांत देखण्या अशा : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एक ओळीने मांडून वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१. बोरघाट चढावा आणि तसाच उतरावा! दहाव्या एकाला मात्र हातचे येतात आणि घाट मोडतो.

आता वर्ग बाजूस ठेवू आणि नुसती एकांची माळच घेऊ. तिचे अवयव कोणते? पंधरा एक असतील तर उत्तर सोपे. तीन-तीनांच्या जुड्या बांधा. प्रत्येक जुडी १११ ची, म्हणून साऱ्या संख्येस १११ ने भाग जातो. एकांची गणती स्वतःच मूळ संख्या असली, की जुड्या बांधता येत नाहीत. तरीही माळ मूळ संख्या ठरेलच असे नाही. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. एकोणीस एकांची माळ मात्र खरोखरच मूळ संख्या आहे.

खरी मौज पुढे आहे. संख्या संयुक्त आहे हे कळणे निराळे आणि तिचे अवयव हाती लागणे निराळे. ९१ घ्या. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली सांगितलेल्या नियमाप्रमाणे, ९१ ही मूळ संख्या असती तर २ च्या ९० व्या घातास ९१ ने भागल्यावर बाकी १ उरली असती. उरते ६४. म्हणजे ९१ संयुक्त. आणि आपण अद्याप ७ वा १३ चे नावही घेतलेले नाही! एवढा घात कागदावर मांडावाही लागत नाही. वर्ग करीत जावे आणि दर वेळी बाकी तेवढी ठेवावी. एकाहत्तर एकांच्या माळेलासुद्धा अडीचशेच्या आत वर्ग पुरतात.

पण त्या माळेचे अवयव? लहान अवयव तीस अंकी आहे. एकामागून एक भाजक घेऊन, सेकंदास शंभर कोटी या वेगाने तपासत गेलो, तर साडेसात लाख कोटी वर्षे लागतील. १९८४ साली अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत ते यंत्राने काढले, ते निराळ्या वाटेने. ९१ म्हणजे १० चा वर्ग वजा ३ चा वर्ग. म्हणून (१० − ३) गुणिले (१० + ३), अर्थात ७ गुणिले १३. मोठ्या संख्येसाठी, ज्यांच्या वजाबाकीस तिने भाग जातो असे दोन वर्ग शोधावयाचे. असे वर्ग चाळून काढणे हीच सारी मेहनत.

१९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी या मेहनतीचेच कुलूप केले : दोन मोठ्या मूळ संख्या गुणाव्यात, गुणाकार जगजाहीर करावा, अवयव गुप्त ठेवावेत. आज पैशांच्या व्यवहारातले पुष्कळ निरोप अशा कुलपांत बंद होऊन जातात. २०२० साली या धर्तीची २५० अंकी संख्या फोडण्यात आली. वापरातल्या संख्या साधारणपणे ६१७ अंकी असतात.